शहराच्या पोटांतील पाडे
आरे येथील शेती व तिजपासून घ्यावयाचा बोध

मोठ्या शहराच्या जवळ जमीन असणें हें शेतकऱ्यास वरदान आहे कीं संकट आहे, हा प्रश्न आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस आज ना उद्यां पडल्यावांचून राहणार नाहीं. ठाणें, पुणें, नाशिक, नागपूर या शहरांच्या हद्दी वर्षानुवर्षें पुढें सरकत आहेत आणि कालपर्यंत जीं गांवें दूर होतीं तीं आज वेशीशीं येऊन ठेपलीं आहेत. शहर जवळ आलें म्हणजे बाजार जवळ येतो, भाजीपाल्यास व दुधास रोकड गिऱ्हाईक मिळतें, खत मिळतें. परंतु त्याचबरोबर मजूर महागतो, ओढ्याचें पाणी नासतें आणि शेवटीं जमीनच हातची जाण्याची वेळ येते. या प्रश्नाचा विचार मोघम करण्यापेक्षां एखादें प्रत्यक्ष उदाहरण पुढें घेऊन केला तर तो अधिक उपयोगी पडेल असें आम्हांस वाटतें. यास्तव प्रस्तुत लेखांत मुंबईच्या उपनगरांतील आरे येथील आदिवासी पाड्यांची हकीकत आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

स्थान व वस्ती

आरे ही जागा पूर्वीच्या साष्टी तालुक्यांतील होय. पश्चिमेस गोरेगांव, दक्षिणेस मरोळ व अंधेरी, पूर्वेस विहार व पवई हे तलाव, आणि उत्तरेस सुमारें १०३ चौरस किलोमीटर विस्ताराचें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, अशी या मुलुखाची चतुःसीमा आहे. आरे, मरोशी, साई, गुंडगांव, परजापूर, पासपोली हीं या भागांतील जुन्या गांवांचीं नांवें. सन १९२० मध्यें मुंबई उपनगर जिल्हा प्रथम निर्माण झाला, आणि १९५० व १९५७ या वर्षीं महापालिकेची हद्द वाढून हा सर्व टापू मुंबई शहरांत मोडूं लागला. म्हणजे येथील शेतकरी आपल्या जागेवरून हलला नाहीं. शहरच त्याच्या दारीं चालत आलें.

आरे वसाहतीच्या हद्दींत लहानमोठे २७ पाडे आहेत असें सामान्यतः सांगितलें जातें. केलटी पाडा, खांबाचा पाडा, नवशाचा पाडा, जिवाचा पाडा, मोराचा पाडा, चाफ्याचा पाडा, दामू पाडा हीं त्यांपैकीं कांहींचीं नांवें. वस्ती मुख्यतः वारली लोकांची. त्यांच्या जोडीस कोकणा, मल्हार कोळी, कातकरी व दुबळा या जमातींचीं कुटुंबेंही आहेत. जुन्या पद्धतीचें घर म्हणजे कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा गिलावा आणि वर कौलें. कारवी ही वनस्पति उद्यानाच्या डोंगरांत विपुल आहे आणि दर आठ वर्षांनीं फुलून मग वाळते, हें कोंकणच्या वाचकांस ठाऊकच आहे. आतां पुष्कळ घरें विटांचीं झालीं आहेत. तथापि अंगण, त्यापुढील मांडव, मांडवावरील वेल आणि परसांतील कोंबड्या हा थाट बहुतेक पाड्यांत टिकून आहे.

या पाड्यांच्या दक्षिणेस कारखान्यांचा मुलूख आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्यें झाल्यावर मरोळ येथें औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि १९७३ मध्यें तेथेंच निर्यातीच्या मालासाठीं सीप्झ हें स्वतंत्र क्षेत्र स्थापन झालें. जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्त्याच्या एका बाजूस रत्नें घडविणारे व विजेचीं यंत्रें जुळविणारे कारखाने, आणि दुसऱ्या बाजूस भाताचीं खाचरें, असा देखावा हिंदुस्थानांत फार थोड्या ठिकाणीं पाहावयास मिळेल.

जमीन, पाऊस व पिकें

येथील जमीन काळ्या पाषाणाच्या झिजेपासून झालेली, तांबूस तपकिरी रंगाची आहे. उतारावर ती उथळ व मुरमाड, म्हणजे आपण जिला वरकस म्हणतों तशी. ओहोळांच्या कांठीं व दोन टेकड्यांमधील सखल भागांत मात्र ती खोल व गाळाची आहे. पाऊस वर्षास सरासरी २,३०० ते २,५०० मिलिमीटर, म्हणजे नव्वद ते शंभर इंच, आणि तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. अर्थात् सखल जागीं भात आणि उतारावर नाचणी, वरई व भाजीपाला, ही ठाणें जिल्ह्याची नेहमींची पद्धतिच येथेंही चालत आली आहे.

भाताची रीत आमच्या घाटावरील वाचकांसाठीं थोडक्यांत सांगतों. उन्हाळ्यांत रोपाच्या जागेवर शेण, पालापाचोळा व बारीक फांद्या पसरून त्या जाळतात. यास राब म्हणतात. राबानें तणाचें बीं मरतें व जमिनीचा वरचा थर भुसभुशीत होतो. पहिल्या पावसाबरोबर बीं पेरतात, तीन ते चार आठवड्यांनीं रोप उपटून चिखलणी केलेल्या खाचरांत लावणी करतात, आणि वाण हळवें असल्यास दसऱ्याच्या सुमारास, गरवें असल्यास दिवाळीनंतर कापणी होते. वरकस जमिनींत ओल लवकर निघून जात असल्यामुळें तेथील खाचरांस हळवें वाणच मानवतें. ज्याचें खाचर ओहोळाच्या कांठीं आहे तो निमगरवें लावण्याचें धाडस करतो.

परंतु भात हें या पाड्यांचें पोटापुरतें पीक आहे. पैका मिळतो तो भाजीपाल्यावर. पावसाळ्यांत काकडी, दोडकी, पडवळ, दुध्या, कारलीं, भेंडी, अळू. पावसाळ्यानंतर जेथें विहीर किंवा झऱ्याची सोय आहे तेथें माठ, मुळा, पालक, मेथी. शिवाय केळी, पपई, शेवगा, आंबा, फणस व ताड. याखेरीज रानांत आपोआप उगवणाऱ्या भाज्यांचें उत्पन्न आहे. उन्हाळा संपतां संपतां शेवळें निघतात, पहिल्या सरीनंतर टाकळा, कुर्डू व भारंगी, आणि श्रावणाच्या आगेंमागें कंटोळीं. ज्या भाज्यांस नांगर नको, बीं नको व खत नको, त्यांस मुंबईच्या बाजारांत कोबी-फुलवरापेक्षां अधिक भाव मिळतो, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. मात्र शेवळें खाजरें असतें. काकड किंवा बोंडारा यांसारखें आंबट त्याजबरोबर घातल्याशिवाय तें खातां येत नाहीं. पाड्यावरील विकणारी बाई भाजीबरोबर तें आंबटही देते व रीतही सांगते. ज्ञानासकट माल विकणें म्हणतात तें हेंच.

बाजार

माल नेण्याची पद्धति अगदीं साधी आहे. बायका पहांटे भाजी खुडतात, जुड्या बांधतात, आणि टोपली डोक्यावर किंवा बसमध्यें घेऊन गोरेगांव, अंधेरी, जोगेश्वरी येथील बाजारांत व रेल्वे स्टेशनांबाहेर बसतात. मध्यें अडत्या नाहीं, हमाली नाहीं, तोलाई नाहीं. गिऱ्हाइकानें दिलेला पैसा थेट पिकविणाराच्या हातांत पडतो. नाशिक किंवा जुन्नरकडील शेतकऱ्याचा माल रात्रभर प्रवास करून वाशीच्या बाजारांत येतो व तेथून दोन-तीन हात बदलून मुंबईच्या गिऱ्हाइकापर्यंत पोंचतो. त्याच्याशीं तुलना केली असतां शहराच्या कुशींतील शेतकऱ्याचा खरा फायदा कोणता तें समजतें. त्याचें क्षेत्र लहान आहे व उत्पन्नही थोडें आहे. परंतु विकल्या रुपयांतील त्याचा वांटा सर्वांत मोठा आहे.

याचें उलट अंगही सांगितलें पाहिजे. रस्त्यावर बसण्याची जागा कोणाच्याही हक्काची नसते, आणि ज्या दिवशीं माल खपत नाहीं त्या दिवशीं तो ठेवण्यास शीतगृह नाहीं, परत नेण्यास भाडें परवडत नाहीं. नाशवंत माल ज्याच्या हातीं असतो त्याची सौदा करण्याची शक्ति सूर्य चढेल तसतशी उतरत जाते. पाड्यांतील तरुण मंडळी म्हणूनच आतां कारखाने, चित्रनगरी, महापालिका किंवा घरकाम यांकडे वळली आहे; शेती ही घरांतील वडील माणसांकडे व बायकांकडे राहिली आहे.

दुग्धवसाहतीची हकीकत

आरे हें नांव मुंबईकरांच्या तोंडीं आलें तें शेतीमुळें नव्हे, दुधामुळें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत मुंबईंत दुधाची फार टंचाई झाली. म्हशींचे तबेले शहराच्या भर वस्तींत होते. तेथें जागा अपुरी, हिरवी वैरण मिळेना, घाण मात्र अमाप, आणि म्हैस आटली कीं तिला पोसणें परवडत नसल्यानें तिची रवानगी खाटकाकडे होत असे. उत्तम जातीच्या दुभत्या जनावरांचा असा नाश दरवर्षीं होई. हे तबेले शहराबाहेर एकत्र नेऊन बसवावे, जनावरांस वैरणपाणी व वैद्यकीय मदत पुरवावी आणि दूध सरकारनें घेऊन तें शुद्ध करून वांटावें, ही कल्पना मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांनीं तडीस नेली. १९४९ मध्यें आरे येथें वसाहत सुरू झाली व १९५१ मध्यें पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्तें तेथील दुग्धशाळेचें उद्घाटन झालें. पुढें १९६३ मध्यें खुरोडी यांस, वर्गीज कुरियन व त्रिभुवनदास पटेल यांच्यासमवेत, मॅगसेसे पारितोषिक देण्यांत आलें.

वसाहतीचें क्षेत्र सुमारें १,२८० हेक्टर, म्हणजे सुमारें ३,१६० एकर होतें. त्यांत गवळ्यांस भाड्यानें दिलेले ३२ तबेले असून जनावरांची संख्या सुमारें १६,००० सांगितली जाते. म्हशी गवळ्यांच्या, गोठे व जमीन सरकारची, अशी ही व्यवस्था. वैरणीसाठीं सखल भागांत पॅरा गवत लावण्यांत आलें. हें गवत पाणथळ जमिनींत व सांडपाण्यावर उत्तम येतें, एकदां लावलें कीं वर्षानुवर्षें टिकतें आणि महिना-सव्वा महिन्यास कापणीस येतें. गोठे धुतलेलें पाणी त्याच गवतास द्यावें, गवत म्हशीस घालावें व म्हशीचें शेणमूत पुन्हां गवतास जावें, असें हें चक्र आंखलेलें होतें. कल्पना शेतीशास्त्राच्या दृष्टीनें निर्दोष होती.

योजनेचे हे सर्व गुण मान्य करूनही एक गोष्ट मात्र आम्हांस सांगितली पाहिजे. ज्या ३,१६० एकरांवर ही वसाहत उभी राहिली ती भूमि ओसाड नव्हती. तेथें पाडे होते, खाचरें होतीं, गांवदेवीचीं व वाघोबाचीं ठाणीं होतीं. जमीन सरकारी दुग्धखात्याच्या नांवें लागली. कसणारे आपल्या जागीं राहिले, पण कागदावर ते नाहींसे झाले. पुढें जें जें घडलें त्याचें मूळ या एका नोंदींत आहे.

शेणाचा हिशेब

आमच्या वाचकांस यांतील एक हिशेब विशेष उद्बोधक वाटेल. एक म्हैस दिवसास सरासरी १५ किलो ओलें शेण देते असें धरलें, तर १६,००० जनावरांचें शेण दिवसास २४० टन होतें. ओल्या शेणांत नत्राचें प्रमाण शेंकडा ०·३ धरलें तरी दररोज सुमारें ७२० किलो नत्र झालें. युरियांत नत्र शेंकडा ४६ असतें. त्या मानानें पाहतां हें नत्र सुमारें दीड टन युरियाच्या बरोबरीचें आहे. आणि हें एका दिवसाचें. शिवाय मूत्रांतील नत्र यांत धरलेलेंच नाहीं.

एवढी संपत्ति जेथें रोज निर्माण होते तेथील भोंवतालचीं खाचरें सोन्यासारखीं पिकावयास पाहिजेत. परंतु प्रत्यक्षांत तबेल्यांतील शेणमूत धुऊन नाल्यांवाटे मिठी व ओशिवरा या नद्यांत जात असल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षें होत आल्या आहेत. मिठी नदी विहार व पवई तलावांच्या सांडव्याचें पाणी घेऊन निघते. ओशिवऱ्याचा उगम आऱ्याच्या टेकड्यांत आहे. शेतांत पडलें तर खत व नदींत पडलें तर घाण, अशी या वस्तूची जात आहे. दोहोंतील फरक केवळ वाहतुकीचा व संघटनेचा आहे. ओलें शेण जड असतें, तें दूर नेणें परवडत नाहीं. यास्तव तें जागेवरच खड्ड्यांत पालापाचोळ्याबरोबर कुजविलें पाहिजे किंवा त्याचा वायु काढून राहिलेली मळी वाळविली पाहिजे. हें काम एकट्या गवळ्याचें नव्हे व एकट्या शेतकऱ्याचेंही नव्हे. तें सहकारी संस्थेचें आहे.

शहराचें सांडपाणी शेतीस लावण्याचें उत्तम उदाहरण आपल्याच देशांत आहे. कलकत्त्याच्या पूर्वेस सुमारें १२,५०० हेक्टर पाणथळ भागांत शहराचें मैलापाणी तलावांत सोडून त्यावर मासे पोसतात, त्याच पाण्यावर भात व धापा येथें भाजीपाला काढतात. २००२ मध्यें त्या जागेस रामसर यादींत स्थान मिळालें. तेथील कोळी व माळी यांनीं पिढ्यान् पिढ्या अनुभवानें जें साधलें तें आऱ्यांत योजनेंत होतें, पण पुढें व्यवहारांत टिकलें नाहीं. अर्थात् जेथें कारखान्यांचें पाणी मैलापाण्यांत मिसळतें तेथें तें तपासल्याशिवाय पालेभाजीस देऊं नये, ही सूचनाही आम्ही येथेंच करून ठेवतों.

जमिनीवरील मागण्या

दुग्धवसाहतीची जमीन एकदां सरकारच्या नांवें लागल्यावर ती निरनिराळ्या कामांसाठीं तुकड्या-तुकड्यांनीं जाऊं लागली. १९७७ मध्यें चित्रनगरी झाली. पशुवैद्यकीय महाविद्यालय, राखीव पोलीस, दुग्धसंस्था, कमांडोदल, अशा अनेकांस जागा मिळाल्या. यांपैकीं कांहीं कामें लोकोपयोगी होतीं याविषयीं वाद नाहीं. परंतु प्रत्येक वेळीं कागदावर ती जमीन मोकळीच दिसत असे. कारण ज्यांचीं खाचरें तेथें होतीं त्यांचीं नांवें कोणत्याही उताऱ्यांत नव्हतीं. शिवाय पाड्यांस सोयी देण्याची पाळी आली कीं तीच अडचण आडवी येई. मुंबईस पहिलें नळाचें पाणी १८६० च्या सुमारास ज्या विहार तलावानें दिलें, त्याच्या शेजारच्या कित्येक पाड्यांस एकविसावें शतक उजाडलें तरी नळ व वीज मिळाली नव्हती.

मेट्रो रेल्वेच्या तिसऱ्या मार्गाचें गाडीघर आऱ्यांत सुमारें ३३ हेक्टरांवर बांधण्याचें ठरलें, आणि २०१७ मध्यें प्रजापूर पाड्यांतील कुटुंबांस तेथून उठवून चकाला येथील इमारतींत नेण्यांत आलें. ४ ऑक्टोबर २०१९ रोजीं उच्च न्यायालयानें विरोधकांचे अर्ज फेटाळले व त्याच रात्रीं वृक्षतोड सुरू झाली. ७ ऑक्टोबर रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती थांबविली, तोंपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडें पडलीं होतीं. २०२० मध्यें गाडीघर कांजूरमार्ग येथें हलविण्याचा निर्णय झाला. २०२२ मध्यें सरकार बदलल्यावर तें पुन्हां आऱ्यांत आलें. त्या मार्गावरील आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्यें सुरू झाला. दरम्यान आऱ्याची सुमारें ८१२ एकर जमीन राखीव वन करण्याचें सरकारनें ठरवून ती वनखात्याकडे दिली.

या वादांत वर्तमानपत्रांनीं झाडांची गणति फार केली. तीही योग्यच होती. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मिठीनें जो हाहाकार केला, त्यानंतर नदीच्या माथ्यावरील पाणी मुरविणाऱ्या जमिनीचें मोल सांगण्याची गरज राहिलेली नाहीं. परंतु त्याच जमिनीवर भाताचें खाचरही आहे आणि त्याचा बांध दरवर्षीं कोणीतरी घालतो, ही गोष्ट क्वचितच कोणाच्या ध्यानांत आली. बांध घातलेलें प्रत्येक खाचर हा एक लहानसा तलावच होय. पावसाचें पाणी अडविण्याचें काम झाड जसें करतें तसें खाचरही करतें, आणि त्याकरितां सरकारास एक पैही खर्चावी लागत नाहीं.

कायद्याची बाजू

कसेल त्याची जमीन हें तत्त्व १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट कायद्यानें आणलें व १ एप्रिल १९५७ या कृषिदिनापासून लाखों कुळें मालक झालीं. मग आऱ्याचे कसणारे मागें कां राहिले, असें वाचक विचारतील. त्याचें उत्तर त्याच कायद्याच्या कलम ८८ मध्यें आहे. सरकारच्या मालकीच्या जमिनीस त्या कायद्याचीं मुख्य कलमें लागू होत नाहींत. म्हणजे शेजारच्या गांवीं खोताची किंवा सावकाराची जमीन कसणारा मालक झाला, आणि सरकारी जमीन कसणारा होता तेथेंच राहिला.

दुसरा मार्ग २००६ च्या वनहक्क कायद्याचा. अनुसूचित जमातीचा मनुष्य १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून वनजमीन कसत असेल तर त्यास प्रत्यक्ष कसत असलेल्या, पण चार हेक्टरांहून अधिक नसलेल्या क्षेत्राचा हक्क त्या कायद्यानें मिळतो. दावा प्रथम ग्रामसभेपुढें, नंतर उपविभागीय समितीपुढें व शेवटीं जिल्हा समितीपुढें जातो. पुराव्यासंबंधीं हा कायदा उदार आहे. सरकारी कागदाबरोबरच गांवांतील वडील माणसांची जबानी, जुन्या विहिरी, बांध, स्मशान, देवस्थानें हीं सुद्धां पुरावा म्हणून धरलीं जातात. परंतु आऱ्याची जमीन ही वन आहे कीं दुग्धखात्याची माळजमीन आहे, हाच वाद वर्षानुवर्षें चालला. आणि शहरांत ग्रामपंचायत नसल्यामुळें ग्रामसभा कोणती मानावयाची हाही प्रश्न आला. भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणें राखीव वन करतांना कलम ४ ची अधिसूचना निघाल्यावर वनजमाबंदी अधिकाऱ्यानें लोकांचे हक्क ऐकून घ्यावयाचे असतात, व ते ठरल्यानंतरच कलम २० प्रमाणें वन कायम होतें. ८१२ एकर वन झालें याचा आनंद आहे. पण त्या कामीं पाड्यांचे हक्क नोंदले न गेले तर कसणारा पूर्वीं दुग्धखात्याच्या जमिनीवरील अतिक्रमक होता तो आतां वनांतील अतिक्रमक ठरेल, एवढाच फरक पडेल.

जंगलाच्या शेजारीं राहण्याचे दुसरेही प्रश्न आहेत. उद्यानांतील बिबटे आऱ्यांत नेहमीं वावरतात. २०२१ च्या पावसाळ्याअखेर माणसांवर हल्ले झाले. वारली लोक बिबट्यास वाघोबा म्हणून पुजतात, आणि वाघबारसेला त्याच्या ठाण्यावर नैवेद्य दाखवितात. उघड्यावरील कचरा व त्यामुळें जमणारीं कुत्रीं हीं बिबट्यास वस्तीजवळ ओढतात असा जाणत्यांचा अनुभव आहे. यास्तव पाड्यांभोंवतीं शहराचा कचरा न टाकणें हाच पहिला उपाय होय.

आपण काय घ्यावें

शहरानें गिळलेलें गांव ही केवळ मुंबईचीच गोष्ट नाहीं. जावा बेटांत जाकार्ता शहराच्या पोटांत अशा शेंकडों जुन्या वस्त्या आहेत. तेथें गांवास कांपुंग म्हणतात, आणि शेत जाऊन गल्ली झाली तरी वस्तीचें नांव कांपुंगच राहतें. नांव राहतें व जमीन जाते, हा जगभरचा नियम दिसतो. तो आपल्या गांवास लागूं नये अशी ज्यांची इच्छा आहे त्यांनीं पुढील गोष्टी मनावर घ्याव्या, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

पहिली गोष्ट, सात-बाराचा उतारा दरवर्षीं पाहावा. वारसाची नोंद, वांटणीची नोंद, विहिरीची व झाडांची नोंद वेळच्या वेळीं करून घ्यावी. पीकपाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून भ्रमणध्वनीवरून शेतकऱ्यास स्वतः नोंदवितां येते. ती चुकवूं नये. जें पीक उताऱ्यावर नाहीं तें कचेरीच्या दृष्टीनें शेतांतही नाहीं.

दुसरी गोष्ट, शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हां तो गांवानें मिळून पाहावा. कोणत्या गट क्रमांकावर रस्ता, कोणत्यावर आरक्षण, हें त्यांत छापलेलें असतें, आणि हरकत ठरलेल्या मुदतींतच लेखी घ्यावी लागते. मुदत टळल्यावर मोर्चा काढण्यापेक्षां मुदतींत दिलेला एक अर्ज अधिक काम करतो.

तिसरी गोष्ट, शहराजवळील शेतकऱ्यानें धान्याच्या मागें न लागतां जें दुरून येऊं शकत नाहीं तें पिकवावें. पालेभाजी, फुलें, हिरवी वैरण, ताजें दूध व रानभाजी हीं तीं पिकें होत. आऱ्याच्या बायकांनीं हें कोणाच्या उपदेशाशिवाय ओळखलें आहे. त्यांस फक्त बसण्याची हक्काची जागा व माल ठेवण्याची सोय पाहिजे. गांवोगांवच्या सहकारी संस्थांनीं शहरांत आठवड्याचा थेट विक्रीचा बाजार मागून घेतला तर ही उणीव भरून निघेल.

चौथी गोष्ट, जवळपास तबेले असल्यास त्यांच्याशीं शेणखताचा वर्षाचा करार करावा व खत कुजविण्याचे खड्डे शेताच्या कडेस आधींच खणून ठेवावे. वर दिलेला हिशेब आपल्या गांवापुरता प्रत्येकानें मांडून पाहावा. विकतच्या खताचा खर्च कोठें वांचतो तें आपोआप कळेल.

पांचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपल्यापैकीं बहुतेकांच्या नांवावर जमीन आहे. पण आपल्या शिवेवर गायरान किंवा वनजमीन कसणारा, ज्याचें नांव कोठेंच नाहीं असा मनुष्य प्रत्येक गांवीं असतो. गांवाच्या विस्ताराची कुऱ्हाड पहिल्यानें त्याच्यावर पडते, आणि तो उठला कीं पुढची पाळी शेजारच्या बांधाची असते. त्याच्या दाव्याच्या वेळीं जबानी देणें, जुनी विहीर कोणी खणली तें सांगणें, एवढें काम जमीनवाल्यांनीं केलें तर तें परोपकाराचें जितकें आहे तितकेंच स्वहिताचेंही आहे.

आऱ्याच्या पाड्यांत या वर्षींही मृगाच्या आधीं राब जळतील, आषाढांत लावणी होईल, आणि त्यांच्या माथ्यावरून विमानें व खालून आगगाड्या जात राहतील. शहर आणि शेत हीं एका जागीं नांदूं शकतात हें तेथील खाचरें दरवर्षीं दाखवून देतात. खाचर ज्याचें आहे त्याचें नांव कागदावर चढविणें, एवढेंच काम शिल्लक राहिलें आहे; आणि तें पावसाचें नव्हे, माणसाचें आहे.